फळ्या पाडणाऱ्या जुन्या चेनसॉचा एअर फिल्टर: नोव्हेंबर ते मार्च, खर्चासकट

नोव्हेंबर २०२४ मध्ये पाऊस पूर्ण ओसरल्यावर नाशिकच्या दिंडोरी रस्त्याकडच्या शेतातले बाभळीचे आणि आंब्याचे ओंडके फळ्या पाडायला घेतले. यंत्र म्हणजे चेनसॉ, ८७ सीसीचा, ५४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ३८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), स्वीडिश बनावटीचं, रचना १९८० च्या दशकातली. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) ३६ इंची आणि त्यावर अलास्कन मिल, म्हणजे ओंडका लांबीने सारख्या जाडीचा चिरता यावा म्हणून बारला बसवायची चौकट. हंगामाचा बराच भाग फळ्यांऐवजी एअर फिल्टरवर गेला. असं जुनं यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळं एका जागी मिळावं म्हणून जसं घडलं त्या क्रमाने लिहितो.

आधी कागदांचं सांगतो, कारण यंत्र तयार असूनही काम इथे अडतं. आंबा १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी आधी, करवत नंतर. नाशिक महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातला वृक्ष संरक्षण कायदा लागतो आणि अर्ज उद्यान विभागात जातो. अर्जासोबत सातबारा आणि झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडावेत, पोच मागून घ्यावी, आणि ओंडके टेम्पोत भरताना परवानगीची प्रत चालकाकडे द्यावी.

आता मूळ विषय. झाड आडवं कापणं आणि ओंडका लांबीने चिरणं ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. आडव्या कापात मिनिटभर जोर लागतो, जाडसर चुरा पडतो, मग यंत्राला उसंत मिळते. आठ फुटी ओंडक्यावर रुंद फळीची एक फेरी मात्र दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटलवर चालते. फळ्यांच्या चेनचे दात १० अंशांच्या आसपास घासलेले असतात, त्यामुळे भुसा बारीक पडतो. सुकलेल्या बाभळीचा तर पिठासारखा. शिवाय चेन भुसा ओढत यंत्राकडेच आणते आणि तो इंजिनाच्या अंगाशी साचतो.

हवेचा हिशोब करून बघा. ८७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांनी फिरताना मिनिटात साधारण पाऊण घनमीटर आकारमान झाडून काढतं. सिलिंडर दर फेरीला पूर्ण भरत नाही, हे धरलं तरी मिनिटाला पाचशे लिटर हवा आत जाते. दहा मिनिटांच्या फेरीत पाच हजार लिटर, आणि तीही ढगासारख्या उडणाऱ्या भुशातून ओढलेली. आजच्या बऱ्याच यंत्रांत फ्लायव्हीलच्या झोताने जड कण फिल्टरआधीच बाहेर फेकायची सोय असते. त्या काळच्या यंत्रांत नायलॉन जाळीचा, दोन कवचं एकमेकांत बसवलेला फिल्टर असतो आणि सगळा भार त्याच्यावर.

डिसेंबर: दोष नेमका कुठे

लक्षण असं होतं: टाकी अर्धी होईपर्यंत ताकद उतरायची, धूर वाढायचा, आवाज बसका व्हायचा. फिल्टर झटकला की पुन्हा ठीक. या लक्षणावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज सुचवला जातो: एच स्क्रू (पूर्ण वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) थोडा आवळा. हा सल्ला घातक आहे, आणि तो का घातक आहे हे नीट कळलं पाहिजे. जुन्या साध्या कार्ब्युरेटरमध्ये फिल्टर तुंबला की व्हेंच्युरीतली (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातली) ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं, म्हणजे मिश्रण गडद होतं. ते झाकायला एच आवळला तर तुंबलेल्या फिल्टरवर यंत्र छान पळतं. मग संध्याकाळी फिल्टर धुतला की हवा मोकळी होते, पेट्रोल मात्र आवळलेलंच राहतं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच लांब फेरीत पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. स्क्रूला हात लावायचा तो स्वच्छ फिल्टरवरच.

स्क्रू बाजूला ठेवून सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर दोन्ही उतरवले. एक्झॉस्टकडून दिसणारे उभे, खोल ओरखडे म्हणजे बहुधा तेल किंवा पेट्रोल कमी पडल्याची खूण. इनटेकच्या बाजूने पिस्टनचा खालचा भाग मळकट, करडा, पॉलिश उडालेला दिसला तर ती धुळीची खूण. इथे धुळीचीच होती. टॉर्च मारून तो करडा पट्टा पाहिला तेव्हा धास्ती वाटली, कारण एवढी धूळ आत जात असेल तर क्रँकचं बेअरिंगही धोक्यात असतं. सुदैवाने बेअरिंगला आवाज नव्हता आणि हलवून पाहिल्यावर खेळ जाणवला नाही. कम्प्रेशन १२८ पीएसआय निघालं, जे या यंत्रात १५० च्या पुढे हवं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजली तर १ मिमीच्या वर, म्हणजे रिंग बदलायलाच हवी.

मग प्रश्न उरतो, धूळ जाळीतून येते की जाळीच्या बाजूने? याला एक स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्ब्युरेटरच्या तोंडाभोवती आणि फिल्टर ज्या कडेवर बसतो तिथे बोटाने पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर द्यायचा, फिल्टर नेहमीसारखा बसवून एक टाकी फळ्या पाडायच्या आणि मग हळूच उघडायचं. धूळ जाळीतून येत असेल तर ग्रीसवर सगळीकडे सारखी भुरकी दिसते. फटीतून येत असेल तर एका जागेपासून सुरू होणारी, आत ओढल्यासारखी रेघ दिसते. आमच्या ग्रीसवर खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक तपकिरी रेघ निघाली होती आणि दुसरी चोक दांडीच्या भोकापासून. बाकी ग्रीस पांढरं.

बैठक काचेवर ठेवून फीलर गेज घातला तर त्या कोपऱ्यात ०.१५ मिमीचं पातं सहज सरकलं. ०.१५ मिमी म्हणजे १५० मायक्रॉन. अशा जाळीची भोकं ८० मायक्रॉनच्या घरात असतात. जाळीच्या भोकाहून मोठी फट शेजारीच मोकळी असताना जाळी कितीही बारीक आणली तरी उपयोग नाही. उलट जाळी जितकी बारीक, तितकी तिची अडवणूक जास्त, आणि तितकी जास्त हवा फटीतून जाणार. म्हणून या कामाचा क्रम पक्का आहे: आधी फटी बंद, मग फिल्टरचं क्षेत्रफळ, मग हवा कुठून घ्यायची ती जागा, आणि फिल्टरचं कापड की फोम हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

फिल्टरच्या पलीकडची गळतीही याच वेळी तपासली. त्यासाठी महागडं साधन लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी पंप आणि घड्याळ चालतं. ३०० मिमी पारा म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.४ किलो दाब, इतका पुरतो. सायलेन्सरखाली आणि कार्ब्युरेटरच्या जागी रबर शीटचे तुकडे आवळून तोंडं बंद केली, प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून दाब दिला आणि साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. इनटेक बूटला (कार्ब्युरेटर आणि सिलिंडर जोडणारी रबरी नळी), क्लिपच्या कडेला बुडबुडे आले. रबर वाकवलं तर केसाएवढी चीर. क्रँकच्या सील दाबाला टिकल्या, पण सीलची कड दाबात घट्ट बसते आणि ओढीत उघडते, म्हणून हातपंपाने उलटी ओढ देऊनही पाहिलं. त्या ठीक होत्या.

जानेवारी २०२५: सुटे भाग आणि कस्टम

रविवार कारंजाच्या परिसरात फवारणी पंप आणि शेती अवजारांचे सुटे भाग पुष्कळ मिळतात. प्लग, पेट्रोलची नळी, टू-टी ऑईल, स्टार्टरची दोरी यासाठी बाहेर जायची गरज नाही. या यंत्राचा इनटेक बूट मात्र मिळेना. एका दुकानात नकली मिळाला, पण त्याची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होती. पातळ बाजू कंपनाने आधी फाटते, म्हणून घेतला नाही.

बूट, पिस्टन रिंग आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम किट (आतले रबरी पडदे) युरोपातून मागवला. मागणी ६ जानेवारीला, माल हातात ३० जानेवारीला. यातले बरेच दिवस पार्सल मुंबईत होतं. कुरिअरने आधी केवायसीसाठी आधार आणि पॅन मागितलं, ते दिल्यावर बिलावरचं वर्णन अपुरं आहे म्हणून अडवलं. विक्रेत्याने नुसतं ‘मशीनचे भाग’ असं लिहिलं होतं. त्याच्याकडून नवीन बिल मागवलं, त्यात ‘चेनसॉचे सुटे भाग’, ८४६७ ९१ हा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा) क्रमांक, प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत वेगळी. त्यानंतर माल सुटला. मागणी देतानाच विक्रेत्याला हे लिहून पाठवावं आणि केवायसी पार्सल निघायच्या आत पूर्ण करून ठेवावं. भागांचे ४,९०० रुपये, पोहोच १,९००, शुल्क आणि कुरिअरची हाताळणी मिळून २,३५०. एकूण ९,१५०. शुल्काचा आकडा आला तेव्हा मन खट्टू झालं, पण फाटक्या बूटवर नवा फिल्टर बसवण्यात अर्थ नव्हता.

डायफ्रॅमबद्दल एक गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या किटमधलं रबर त्यात कडक होतं किंवा फुगतं. इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेला किटच घ्यावा, आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. इथेनॉलमुळे त्याच स्क्रूवर मिश्रण थोडं फिकंही (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, हे पुढे ट्यूनिंगमध्ये धरायचं आहे.

माल यायची वाट बघताना फटीचं काम झालं. जाड काचेवर ३२० चा पाणपेपर पसरून फिल्टरची बैठक इंग्रजी आठच्या आकारात घासली. आधी पृष्ठभागावर मार्करने रेघा मारायच्या, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की सपाट झालं. तासाभराचं काम. त्यावर २ मिमी नायट्राईल रबराची (पेट्रोलला टिकणाऱ्या) गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, कापून बसवली. ३०० बाय ३०० मिमीची शीट १८० रुपयांना मिळाली आणि पुष्कळ उरली. इथे साधं रबर, पॅकिंगचा पांढरा फोम आणि बाथरूमचं सिलिकॉन ही तिन्ही टाळावीत. कार्ब्युरेटर उलटा श्वास टाकतो तेव्हा पेट्रोलचा फवारा गॅस्केटपर्यंत येतो आणि या वस्तू त्यात फुगून सुटतात. सुटलेला तुकडा आत गेला तर धुळीपेक्षा वाईट. चोक दांडीच्या भोकात नायट्राईलचा छोटा ग्रोमेट (रबरी कडं) बसवला, दांडी त्यातून घट्ट पण अडकणार नाही अशी सरकते.

ज्यांना एवढंच करायचं आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. अधूनमधून फळ्या पाडणाऱ्याला सपाट बैठक, नवी गॅस्केट, ग्रोमेट आणि जाळीवर ताणून बसवलेलं पॉलिस्टरचं पातळ मोजडं (मोज्यासारखं चढवायचं कापड) एवढं पुरतं. तेव्हा खर्च तीनशेच्या आत होता.

फेब्रुवारी: मोठा फिल्टर, दूर बसवलेला

रोज तासन्‌तास फळ्या पाडायच्या तर मूळ फिल्टरचं क्षेत्रफळ कमी पडतं. म्हणून मोटरसायकलचा क्लिपने बसणारा दोन थरांचा फोम फिल्टर घेतला, बाहेर जाड भोकांचा फोम, आत बारीक. गळा ३८ मिमी, किंमत ८९० रुपये. कागदी घड्यांचा कोन फिल्टर दिसायला भक्कम असतो, पण टू-स्ट्रोकच्या उलट्या फवाऱ्याने कागद ओला होतो, तेल पितो आणि बंद होतो.

कार्ब्युरेटरवर बसणारा गळा अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या लेथ वर्कशॉपमध्ये करून घेतला. चित्रात ६ मिमी प्लेट आणि तिला वेल्ड केलेला पाईप दाखवला होता. ते बघून वर्कशॉपवाले काका म्हणाले, “वेल्ड कशाला करताय? एकाच गोल बारमधून काढून देतो. जोड नाही तर गळती नाही. आणि वेल्डने ही प्लेट वाकणार, मग परत फेसिंग.” त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ७५ मिमी व्यासाच्या अॅल्युमिनियम बारचा ५० मिमी तुकडा २४० रुपयांना, टर्निंग आणि ड्रिलिंग ८५० रुपयांना.

मापं देतो. फ्लँज (कार्ब्युरेटरला टेकणारी चकती) ६ मिमी जाड, गळा बाहेरून ३८ मिमी, लांबी ३० मिमी, टोकाला १ मिमी उंचीची गोल कड, म्हणजे नळी निसटत नाही. आतलं भोक कार्ब्युरेटरच्या तोंडापेक्षा किंचित मोठं, पायरी न ठेवता उतरतं, आणि प्रवेशाला ५ मिमीची गोलाई. स्टडच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने कार्ब्युरेटरवरच मोजावं. बोल्टला लॉकटाईट लावून स्प्रिंग वॉशर घालावा, कारण इथून सुटलेला नट सरळ इंजिनात जातो. काही जुन्या यंत्रांत चोकची पट्टी कार्ब्युरेटरमध्ये नसून फिल्टरच्या बैठकीत असते. तसं असेल तर मूळ बैठक काढता येत नाही, गळा बैठकीच्या वर बसवावा लागतो.

गळ्याला ९० अंशांचा सिलिकॉनचा एल्बो (वळणाची नळी) जोडला, भिंत ४ मिमी, ४२० रुपये. पातळ भिंतीचा एल्बो पूर्ण थ्रॉटलला आत चिमटतो. कोरड्या हवेच्या मार्गात सिलिकॉन चालतं. एल्बोमुळे फोम कार्ब्युरेटरपासून आठ-दहा सेंटीमीटर लांब जातो आणि उलटा फवारा तिथवर पोहोचत नाही, हाही फायदाच.

एल्बो कुठल्या दिशेला वळवायचा हे टेबलावर ठरवू नये. यंत्र मिलमध्ये अडकवून, ओंडक्यावर ठेवून ठरवावं. मिलमध्ये यंत्र आडवं होतं: बारची खालची धार पुढे लाकडात, यंत्राचं डोकं तुमच्याकडे, क्लचची बाजू आकाशाकडे आणि स्टार्टरची जाळी जमिनीकडे. म्हणजे टेबलावर जी उजवी बाजू दिसते ती कामाच्या वेळी वरची असते. फिल्टर वर आणि चालवणाऱ्याच्या बाजूला यावा, भुसा बाहेर पडतो त्या तोंडापासून लांब. यंत्र उभं धरलं की ही रचना विचित्र दिसते, मिलमध्ये मात्र ती बरोबर जागी असते. मागच्या हँडलवर जाड हातमोजा घालून धरून बघावं, फिल्टर आणि बोटांमध्ये किमान ४० मिमी अंतर राहिलं पाहिजे.

फिल्टर आणि एल्बोचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास होतं. ते नुसतं गळ्यावर लोंबकळत ठेवलं तर कार्ब्युरेटरचे स्टड सैल होतात. रबर लावलेली पी-क्लिप आणि अॅल्युमिनियमची पट्टी लावून आधार द्यावा, पण कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. चेनसॉचे दोन भाग असतात, इंजिन आणि हँडल-टाकी, आणि त्यांच्यामध्ये कंपन शोषणारी रबरं किंवा स्प्रिंगा. मागचं हँडल हातात धरून हलवा आणि कार्ब्युरेटर कोणासोबत हलतो ते पाहा. आधार त्याच भागाला. एक टोक इंजिनाला आणि दुसरं हँडलला बांधलं तर प्रत्येक झटका एल्बो आणि इनटेक बूटवर येतो आणि नवा बूट महिन्यात फाटतो.

वरचं कव्हर काढून टाकायचा मोह टाळावा. अनेक यंत्रांत तेच कव्हर फ्लायव्हीलची थंड हवा सिलिंडरच्या पंखांवरून फिरवतं. ते काढलं की फिल्टर मोकळा होतो आणि सिलिंडर भाजतो. कव्हरला एल्बोपुरतं गोल भोक पाडलं, कडेला रबरी पट्टी लावली आणि सिलिंडर व एल्बो यांच्यामध्ये १.२ मिमी अॅल्युमिनियम पत्र्याचा आडोसा ठेवला, म्हणजे गरम हवा आत ओढली जात नाही. पत्रा वर्कशॉपच्या भंगारातून तसाच मिळाला.

फोमला तेल लागतंच. कोरडा फोम जाड भुसा अडवतो, पण पीठ आत सोडतो. फिल्टर ऑईलची बाटली ४५० रुपयांना मिळाली आणि वर्षभर पुरते. एवढ्या फोमला ८ ते १० मिली पुरे, पिशवीत घालून मळायचं, रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे आणि दाबल्यावर थेंब पडता कामा नये. जास्त झालेलं तेल ओढलं जाऊन प्लग काळा करतं. फोमवर पॉलिस्टर कापडाचं मोजडं, ६० रुपयांच्या कापडात पुष्कळ शिवून होतात. मोठा भुसा या मोजड्यावर अडतो आणि टाकी भरताना ते नुसतं झटकायचं.

मार्च: ट्यूनिंग आणि मोजमाप

नवी रिंग, नवा बूट, नवा किट बसवून कम्प्रेशन १५२ पीएसआय आलं. आकडा बघून जिवात जीव आला.

फिल्टर मोकळा झाला म्हणजे हवा वाढली, म्हणजे जुन्या स्क्रूवर मिश्रण फिकं. म्हणून पहिल्यांदा चालवायच्या आधीच एच स्क्रू अष्टमांश फेरा बाहेर काढला आणि मग प्लगच्या वायरीला गुंडाळायच्या टॅकोमीटरने फेऱ्या बघितल्या. टॅकोमीटर १,१५० रुपयांचा, आणि कानाच्या अंदाजापेक्षा शंभर पटीने बरा. रिकाम्या पूर्ण थ्रॉटलला ११,८०० वर ठेवलं, यंत्राच्या कमाल मर्यादेच्या बरंच खाली. रिकाम्या थ्रॉटलला आवाज किंचित फुटका, बरबरता यावा आणि चेन लाकडात शिरली की तो स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरही आवाज स्वच्छ, टोकदार असेल तर फळ्यांसाठी मिश्रण फिकं आहे. पेट्रोलमध्ये लिटरला २५ मिली टू-टी ऑईल, म्हणजे ४० ला १.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे बसवलेला स्क्रू घेऊन घाट उतरून डहाणू-पालघरकडे कामाला गेलात तर तिथली दाट हवा मिश्रण फिकं करते. खाली गेल्यावर पहिली फेरी घ्यायच्या आत टॅकोमीटर लावावा.

फिल्टर खरंच सुधारला का, हे मोजायला पाण्याचं मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारी नळी) केलं. पारदर्शक नळी ७० रुपयांची, इंग्रजी यू आकारात फळीवर बांधलेली, प्रत्येक बाजूला अर्धा मीटर, एक टोक गळ्यावरच्या ३ मिमी निपलला (नळी जोडायच्या छोट्या तोंडाला). टू-स्ट्रोकची हवा धक्क्याधक्क्याने जाते, त्यामुळे पाणी नाचतं आणि आकडा वाचता येत नाही. नळीत जुन्या कार्ब्युरेटरचा छोटा, बारीक भोकाचा जेट कोंबला की पाणी स्थिर होतं. मूळ जाळीवर, गॅस्केट दुरुस्त केल्यावर, स्वच्छ असताना दोन्ही बाजूंमध्ये साधारण ७० मिमी फरक होता आणि बाभळीवर एक टाकी झाल्यावर २४०. नव्या रचनेत सुरुवातीला ३५, दोन टाक्यांनंतर ६०. म्हणजे फळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिश्रण जवळजवळ तेच राहतं, आणि मला या सगळ्यातून तेच हवं होतं. मोजून झालं की निपल बंद करायला विसरू नये, तीही एक गळतीच.

पुन्हा ग्रीसची चाचणी. दोन टाक्या सुकी बाभूळ चिरल्यावर एल्बो काढला. आतलं ग्रीस पांढरं होतं, बोटाने चोळलं तरी खरखर नाही.

होज क्लिप १४० आणि पी-क्लिप ९० धरून एकूण खर्च १३,६९० रुपये. त्यातले परदेशी भाग आणि टॅकोमीटर वगळले तर फिल्टरचं म्हणून जे काम आहे ते ३,३९० रुपयांत झालं.

आता रोजची निगा अशी चालते. टाकी भरताना आधी ब्रशने फिल्टरच्या आजूबाजूचा भुसा काढायचा, मग चोक बंद करायचा, आणि मगच मोजड्याला हात लावायचा. चोक उघडा ठेवून फिल्टर काढला तर कव्हरवरचा चिमूटभर भुसा सरळ कार्ब्युरेटरमध्ये पडतो. यंत्राखाली साचलेला भुसा फावड्याने बाजूला करायचा, कारण स्टार्टरची जाळी तिथूनच थंड हवा ओढते. दिवसाअखेर फोम बदलून दुसरा तेल लावलेला फोम घालायचा. मळलेला फोम घासलेटात, मग भांडी धुवायच्या साबणाने कोमट पाण्यात, पिळायचा नाही तर दाबायचा, सावलीत पूर्ण सुकवायचा आणि तेल लावायचं. पेट्रोलमध्ये धुतला तर शिवणीचा गोंद सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. मूळ जाळीचा फिल्टर वापरणाऱ्यांनी हवा मारताना आतून बाहेर, कमी दाबाने आणि लांबून मारावी. कंप्रेसरचा झोत जवळून लागला की जाळी फ्रेमपासून सुटते.

फिल्टरवरचा भार कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय चेनमध्ये आहे. बोथट दात लाकूड कापत नाहीत, दळतात. प्रत्येक टाकीला कानस फिरवावी, डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवावा. भुशात जाडसर कण दिसले की चेन धारदार आहे, नुसतं पीठ पडायला लागलं की फेरी संपायची वाट न बघता थांबावं. शक्य असेल तर बाभूळ ओली असतानाच चिरून फळ्या सावलीत रचाव्यात, ओला भुसा जड असतो आणि उडत नाही. वारा पाठीमागून तिरका येईल असा ओंडका मांडावा. हे पीठ इंजिनाइतकंच छातीलाही वाईट आहे, म्हणून एन-९५ मास्क आणि कानावर मफ असल्याशिवाय दोरी ओढू नये.

जूनमध्ये काम थांबेल तेव्हा फोम धुऊन, तेल न लावता, बंद डब्यात ठेवायचा. तेल लावलेला फोम पावसाळाभर तसाच राहिला तर चिकट होऊन बोटाने तुटतो. गळ्याच्या तोंडावर कापडी बोळा आणि त्यावर रबरबँड, आणि बोळ्याला लाल दोरा बांधून तो स्टार्टरच्या मुठीपर्यंत आणायचा, म्हणजे नोव्हेंबरात बोळा आत असताना कोणी दोरी ओढणार नाही.